जनावराचं नाव काय?

आमचे अधीक्षक गाईला घाबरत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की हा माणूस गोठ्यातच जन्मला असणार. कसलं काय! जन्म शनिवार पेठेत, शाळा शनिवार पेठेत आणि सासुरवाडी नारायण पेठेत. घरात गाय यायची ती वसुबारसेला, तीसुद्धा रांगोळीतली. आणि नोकरी लागली कुठं, तर शेतकऱ्यांना दुभती जनावरं घ्यायला अनुदान देणाऱ्या सरकारी कचेरीत. सरकार माणसं निवडतं ती अशी.

ही कचेरी येरवड्यात होती. बसचा कंडक्टर "जेल, जेल" म्हणून ओरडायचा आणि आम्ही दहा-बारा कारकून निमूटपणे खाली उतरायचो. मी तिथं टंकलेखिका होते. राहायला बुधवारात. आमच्या ह्यांचं तिथं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि घरात चार रेडिओ एका वेळी खरखरत असल्यामुळं मला मोठ्यानं बोलायची सवय लागलेली. कचेरीत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी अधीक्षक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, आपला आवाज चांगला आहे. कैद्यांनाही ऐकू जातो."

मी भयंकर चिडले होते. आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यांनी ती सोय मानली असेल.

ते सगळ्यांना 'आपण' म्हणत. साहेबांना आपण, शिपायाला आपण, चहावाल्याला आपण. चहावाल्याकडून मात्र चहा कधी घेतला नाही. घरून थर्मासमध्ये कोरा चहा आणत, कारण दूध त्यांना सोसत नसे. घोटभर दूध पोटात गेलं की दोन दिवस माणूस आडवा. दुधाच्या कचेरीत दूध न चालणारा अधीक्षक, यावर आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक नव्या साहेबानं एकेकदा विनोद करून घेतलेला. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "जेलरही जेलमध्ये राहत नाही."

छत्री बाराही महिने बरोबर. भर उन्हाळ्यातही. मला आधी वाटलं, पेठेतली सवय असेल. मग एकदा तपासणीला त्यांच्याबरोबर खेड्यात जायची वेळ आली तेव्हा उलगडा झाला. गाय दिसली की छत्री मिटलेलीच पुढं धरायची आणि छत्रीच्या टोकापलीकडं गाय येऊ द्यायची नाही. गाईला मारायला नव्हे हो, अंतर मोजायला! एकदा एका वासरानं त्या छत्रीचं टोक चाटलं, तर घरी जाऊन त्यांनी छत्री धुतली. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात ती वाळत घातलेली मी स्वतः पाहिली.

आता त्यांच्या पेन्सिलीकडं येते.

आमची योजना साधी होती. लहान शेतकऱ्यानं दुभती गाय घेतली की निम्मे पैसे सरकार देई, तेही दोन हप्त्यांत. पहिला हप्ता गाय दारात आली की. दुसरा सहा महिन्यांनी, गाय अजून त्याच दारात आहे अशी खात्री झाली की. अडचण या खात्रीचीच होती. गावं ढीगभर, जीप एक, आणि ती जीप कायम कुठल्या तरी गॅरेजात. मग कागदावर गाई असत. सरपंचाचा दाखला, डॉक्टरचा दाखला, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, सगळं व्यवस्थित. आणि दारात बघावं तर खुंटासुद्धा नाही.

यावर अधीक्षकांनी स्वतःच एक तोड काढली होती. अर्जदार समोर येऊन बसला की सगळे कागद बाजूला सारायचे, अर्ध्या ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढायचं, आणि टोक बघत बघतच विचारायचं, "जनावराचं नाव काय?"

अर्जाच्या नमुन्यात हा रकाना नव्हता. पण ज्याच्या घरी खरीच गाय आहे तो विचारल्याबरोबर सांगे, चंद्री, कपिला, म्हाळसा, तांबू. काहीजण तर नाव सांगताना हसतही. आणि ज्याची गाय कागदावरच असे, तो चाचरे. छताकडं बघे. "नाव म्हंजी... गायच म्हन्तो आमी." अशा वेळी अधीक्षक काही बोलत नसत. नाव मिळालं तर फायलीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ते नाव लिहीत. नाही मिळालं तर एक पोकळ गोल काढत. गोल म्हणजे संशय. संशय म्हणजे वेळ मिळाल्यावर प्रत्यक्ष तपासणी. आणि वेळ कधीच मिळत नसे, त्यामुळं गोल म्हणजे नामंजूर.

मी एकदा विचारलं, "साहेब, पेन्सिलीनं का? शाईनं लिहा की."

"शाईचं सरकारला दाखवायचं असतं," ते म्हणाले, "हे माझ्यासाठी आहे."

या नाव विचारण्यानं त्यांनी केवढी लबाडी पकडली, त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. हडपसरच्या पुढं एका गावात तपासणी होती. शाळेच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, एक पांढऱ्या कपड्यातले पुढारी. त्यांनी आल्या आल्या अधीक्षकांना विचारलं, "काय साहेब, ओळखलं नाही का?" हे म्हणाले, "अर्जावर फोटो चिकटवा, ओळखतो." तिथूनच सुरुवात झाली.

एकेक गाय समोरून नेत होते. पहिल्या शेतकऱ्याला यांनी नाव विचारलं, तो म्हणाला, "सगुणा." पेन्सिलीनं लिहिलं. मग दुसरी गाय आली, अंगावर झूल. तिसरी आली, शिंगं हिरवी रंगवलेली. चौथीची शिंगं तांबडी, गळ्यात घुंगरमाळ. "नाव?" "लक्ष्मी हो, लक्ष्मी!" अधीक्षकांनी पेन्सिल कानावर ठेवली. छत्री पुढं धरली, तिच्याआड उभे राहिले आणि हलकेच म्हणाले, "सगुणाबाई, जरा इकडं बघा."

लक्ष्मीनं मान वळवून बघितलं.

शिंगांचा तांबडा रंग ओला होता, आणि खालून हिरवा दिसत होता. शाळेमागून वळसा घालून एकच गाय चारदा आणली होती. पटांगणभर असा हशा पिकला की पुढाऱ्यांनाही हसावं लागलं. अधीक्षकांनी जागेवर शेरा लिहिला, "एकच गाय चौघांची असल्यामुळे अनुदान एकालाच द्यावे." गाईलाही ते 'बघा' म्हणाले होते, एकेरीवर आले नव्हते, हे मी परतीच्या बसमध्ये त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "ओळख नव्हती ना."

त्या दिवसापासून आपल्या प्रश्नावर त्यांचा फार विश्वास बसला. माझाही बसला होता, खोटं कशाला बोलू? नवीन कारकुनांना मीच मोठ्या तोऱ्यात सांगत असे, की बघा हं, आता नाव विचारतील.

आणि मग ती बाई आली.

गुरुवार होता. दुसऱ्या हप्त्याची यादी शुक्रवारी सकाळी बँकेत जायची होती, आणि त्या यादीत ज्याचं नाव नसेल त्याचे पैसे सरकारजमा. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून अर्ज. बाई लोहगावच्या बाजूची. पस्तिशीची असेल. हिरवं लुगडं, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी, पायात चपला नाहीत. अर्ज तिच्याच नावानं होता. कागद सगळे होते. अधीक्षकांनी ते बाजूला सारले, ब्लेड काढलं, पेन्सिलीला टोक केलं.

"जनावराचं नाव काय?"

बाई गप्प.

"गाईचं नाव. घरात काय म्हणता तिला?"

बाईनं खाली बघितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. माझं टायपिंग थांबलं होतं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, मनात हेच आलं की आणखी एक कागदी गाय.

"ठीक आहे. आपण या," अधीक्षक म्हणाले आणि त्यांनी गोल काढला.

दुपारी डबा खायला मी मागच्या पायऱ्यांवर गेले, तर ही तिथंच बसलेली. रडत नव्हती. नुसती समोर जेलच्या भिंतीकडं बघत बसली होती. मी म्हटलं, "बाई, जेवलात का?" ती मान हलवून नाही म्हणाली. मी अर्धी पोळी पुढं केली, ती घेईना. मग माझ्या मोठ्या आवाजात, नको तेवढ्या मोठ्या आवाजात, मी म्हटलं, "अहो, गाय नव्हती तर कशाला आलात एवढ्या लांब?"

"गाय हाय ओ ताई," ती म्हणाली. "दोन टायमाला आठ लिटर देती. नाव बी हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"मला घेता येत न्हाई."

पोळीचा घास माझ्या हातातच राहिला. तिनं मग हळूहळू सांगितलं. नवरा मार्केट यार्डात हमाल. पोत्याखाली पाय सापडून मोडलेला, तीन महिने बाजेवर, म्हणून ती एकटी आली होती. गाय दारात आली त्याच्या आदल्या आठवड्यात सासू गेली. नवऱ्याचा आईवर फार जीव. तो म्हणाला, आई गेली आणि ही आली, आईच आली. गाईला त्यानं आईचं नाव ठेवलं.

"आत्याबाईंचं नाव म्या कसं घेऊ, ताई? त्या जित्या हुत्या तवा कधी घेतलं न्हाई. आन आता सायबाम्होरं घेऊ?"

"घरात काय म्हणता मग गाईला?"

"कायबी न्हाई. च्क च्क करती. येती ती."

मोडक्या पायाचा नवरा, दोन पोरं, आणि आठ लिटर दूध. त्यावर ते घर चाललं होतं. गाय देणाऱ्या व्यापाऱ्याचे राहिलेले पैसे या हप्त्यातून जायचे होते. पैसे आले नाहीत तर रविवारी गाय सोडून नेतो, असं तो दारात येऊन सांगून गेला होता.

मी डबा तसाच टाकला आणि आत गेले. माझा असा संताप झाला होता! अर्धा त्यांच्यावर आणि अर्धा माझ्यावर. अहो, माझी आई जन्मात कधी माझ्या आजीचं नाव घेऊन बोलली नाही. मी स्वतः आमच्या ह्यांचं नाव घेते ते हळदीकुंकवाला, तेही चार बायकांनी धरून आग्रह केला तर. आणि मला समजू नये?

अधीक्षक कोरा चहा पीत होते. मी टेबलावर दोन्ही हात टेकले.

"साहेब, वहिनी तुम्हाला घरात काय म्हणून हाक मारतात?"

त्यांनी कप खाली ठेवला. "हा प्रश्न कुठल्या योजनेखाली येतो?"

"सांगा ना."

"अहो म्हणतात. कधी कधी काहीच म्हणत नाहीत, भांडं आपटतात. मी समजतो."

"आणि तुमच्या आईंना?"

"आईंना काय... त्या सासूबाईच म्हण..." आणि ते थांबले. हुशार माणूस होता. पुढचं मला फार सांगावं लागलं नाही. मी पायरीवरची हकीकत सांगत होते आणि त्यांचा चेहरा बघत होते. आधी कान लाल झाले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"बाई," ते म्हणाले, "मी हा प्रश्न अकरा वर्षं विचारतोय."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्याऐवजी मी गठ्ठ्यातले कागद त्यांच्यापुढं सरकवले.

त्यांनी तिची फाईल पुन्हा उघडली. कागदांत सातबारा होता, त्यावर नवऱ्याचं आणि त्याच्या आईचं नाव. भागीरथी. ते नाव त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं. मग छत्री घेतली. "चला," म्हणाले. जीप गॅरेजात होतीच. त्यांनी स्वतःच्या खिशातून रिक्षा केली. अधीक्षक रिक्षात बसले, ही बातमी कचेरीत आठवडाभर पुरली.

ती बाई रिक्षात आमच्या मध्ये अवघडून बसली होती. साहेब घरी का येताहेत, हे तिला कळत नव्हतं आणि तिनं विचारलंही नाही. घर म्हणजे दोन खोल्या, समोर पत्र्याचं छप्पर, त्याखाली गाय. काळीपांढरी, मोठी थोरली, रवंथ करत उभी. बाई उतरल्याबरोबर कामाला लागली. घमेलं उचललं, शेण भरायला वाकली. घरातून नवऱ्याच्या खोकण्याचा आवाज येत होता.

अधीक्षक अंगणात थांबले. छत्री पुढं धरली. घसा साफ केला. आणि हाक मारली, "भागीरथीबाई!"

गाय ढिम्म. मान नाही, कान नाही. रवंथ चालू. म्हटलं, आता संपलं, आता पुन्हा गोल.

पण ते गाईकडं बघतच नव्हते. ते त्या बाईकडं बघत होते. नाव कानावर पडल्याबरोबर तिनं घमेलं टाकलं, शेणानं भरलेल्याच हातानं पदर डोक्यावर ओढला आणि दाराच्या बाजूला सरकून खाली मान घालून उभी राहिली. जणू सासू खरोखरच अंगणात आली असावी. आणि आतून बाजेवरून आवाज आला, "कोन हाय रं? आईच्या नावानं कोन हाक मारतंय?"

"पटलं," अधीक्षक म्हणाले.

त्यांच्या तोंडून हा शब्द क्वचित येई. पण नुसतं पटून भागत नव्हतं. फायलीला कानातल्या बिल्ल्याचा नंबर हवा होता, प्रत्यक्ष वाचलेला. बाईला वाचता येत नव्हतं. मी पुढं झाले, "थांबा साहेब, मी बघते."

"नको," ते म्हणाले. "चूक मी केली आहे."

त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा त्यांच्या आणि गाईच्या मध्ये काही नव्हतं. चार पावलं होती. ती चार पावलं टाकायला त्यांना किती वेळ लागला म्हणून सांगू! पुटपुटत होते काहीतरी, बहुतेक रामरक्षा. जवळ गेले, कान धरला. गाईनं मान वळवली आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत चाटली. ते हलले नाहीत. डोळे मिटून एकेक आकडा मोठ्यानं म्हणाले. म्हणजे आकडे आधी वाचले आणि मग डोळे मिटले. मी लिहून घेतले.

परत येऊन त्यांनी बाईला हात जोडले. "चूक आपली नाही, गाईची नाही. माझी आहे. रविवारी व्यापारी आला तर त्याला सोमवारी बँकेत यायला सांगा."

तिनं वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, तर हे दोन पावलं मागं सरले ते थेट गाईला जाऊन टेकले. मग जे ओरडले, ते मात्र खरोखरच जेलपर्यंत ऐकू गेलं असतं.

संध्याकाळी त्यांनी मला टिपण सांगितलं. मी आजवर हजारो सरकारी टिपणं टाइप केली, पण असलं एकच. "सदर प्रकरण अर्जदाराच्या कोणत्याही दोषामुळे नव्हे, तर निम्नस्वाक्षरीकाराच्या चुकीमुळे नामंजूर झाले होते." मी म्हटलं, "साहेब, 'तांत्रिक कारणामुळे' लिहू का?" ते म्हणाले, "तंत्र नव्हतं त्यात. मीच होतो." शुक्रवारी सकाळी नाव यादीत गेलं. सोमवारी पैसे मिळाले, गाय दारातच राहिली. मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं आणि फाईल नाचवत विचारलं, असं कोणी लिहितं का कागदावर? हे म्हणाले, "शब्द कमी पडले असतील तर वाढवतो." पुढच्या बढतीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, मीच आठवडाभर आदळआपट केली.

त्या वर्षीची नामंजूर फायलींची गठडी त्यांनी काढली आणि ज्या बायकांच्या फायलींवर गोल होता त्या वेगळ्या केल्या. नऊ निघाल्या. रविवारी रविवारी, एसटीनं, सायकलनं, कुठं चालत, एकेका गावाला गेले. पाच गाई खऱ्या निघाल्या. एकीच्या गाईचं नाव नणंदेचं होतं, एकीच्या जावेचं, एक बाई नुसती घाबरून गप्प बसली होती. दोन गोठ्यांत खरंच काही नव्हतं. "तिथं मला फार बरं वाटलं," ते म्हणाले. आणि दोन ठिकाणी दावं होतं, गाय नव्हती. व्यापाऱ्यानं नेलेली. त्यातल्या एका बाईनं यांना तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, जाऊ द्या सायब, तुमी तरी काय करणार. हे मला सांगता सांगता त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. आधीच्या दहा वर्षांच्या फायली तर रद्दीत गेलेल्या. त्या त्यांना कधीच बघता आल्या नाहीत. मला वाटतं, तेच त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिलं.

नाव विचारणं बंद झालं. बरेच दिवस नुसते कागद बघत आणि सही करत. मग एक दिवस माझ्या कानावर आलं, "काय हो, त्रास देते का गाय?" समोरची बाई एकदम सुरू झाली. लाथ मारते, मेली धार चोरते, पावसात बाहेर जात नाही, पेंड ओली झाली तर तोंड लावत नाही, अशी नाटकी की विचारू नका. पंधरा मिनिटं बोलत होती. अधीक्षकांनी पेन्सिलीनं कोपऱ्यात खूण केली. ती गेल्यावर मला म्हणाले, "घरात गाय असेल तर तक्रार असणारच. नसलेल्या गाईचं सगळे कौतुक करतात." आता एकेका फायलीला अर्धा अर्धा तास लागू लागला. कामं तुंबली, माझं टायपिंग तुंबलं, पण कचेरीत बायका अशा मोकळेपणानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

लोहगावची ती बाई वर्षभरानं पुन्हा आली. या वेळी पायात चपला होत्या. फडक्यात बांधलेला डबा तिनं अधीक्षकांच्या टेबलावर ठेवला. खरवस. अर्जदाराकडून सुपारीचं खांडही न घेणारा हा माणूस. ते म्हणाले, "हे मला चालत नाही. नियमात बसत नाही."

"आता कुटं माजं काय अडलंय तुमच्याकडं?" बाई म्हणाली. "पैसे मिळालं, फाईल मिटली. आता ह्यो खरवस हाय, लाच न्हाई."

अकरा वर्षं अर्जदारांना निरुत्तर करणारे आमचे अधीक्षक माझ्याकडं बघायला लागले. मी मुद्दाम टाइपरायटरमध्ये डोकं घातलं.

"काय झालं गाईला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कालवड. तुमच्यासारकीच हाय. कुनी जवळ आलं की मागं सरती."

"नाव ठेवलंत?"

"ठेवलं की!" आणि ती असं मोठ्यानं म्हणाली की माझ्यासकट सगळ्या कचेरीनं वर बघितलं. "सायबी! म्या ठिवलं. दिवसातनं धा येळा घेती."

अधीक्षकांनी ड्रॉवर उघडला. पेन्सिल काढली. ब्लेड सापडेना, म्हणून तशीच बोथट पेन्सिल घेतली. लिहायला फाईल नव्हती समोर, कारण काम कसलंच नव्हतं. टेबलावरच्या टीपकागदावर त्यांनी ते नाव लिहिलं. मग डबा उघडला आणि एक वडी तोंडात टाकली. मी ओरडणार होते, "अहो साहेब, दूध आहे ते!" पण ते चावत होते आणि बाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती. दुसरी वडीही खाल्ली. "छान," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. चौथ्या दिवशी आले, चेहरा उतरलेला, थर्मास हातात, आणि रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "'पोटाच्या विकारामुळे' असं असेल ना?" आणि वाचलं.

दोन दिवसांची किरकोळ रजा. कारण: खरवस.

तो अर्ज मी फायलीला लावला नाही. मोठ्या साहेबांना सांगितलं, गहाळ झाला. सबंध नोकरीत सरकारचा मी गहाळ केलेला तो एकच कागद. आता मीही निवृत्त होऊन किती वर्षं झाली, अधीक्षक तर केव्हाच गेले. अर्ज माझ्या कपाटात आहे. खाली त्यांची सही आहे, निळ्या शाईनं, वळणदार. शाईनं, म्हणजे सरकारला दाखवायची.